कबुतराचं घड्याळ

रोहेलियो साल्सेदो कुणाला कधी नाही म्हणत नाही, हे शाफ्टर गावात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. शेजाऱ्याची पाण्याची मोटर, चर्चच्या जत्रेतली भट्टी, मेव्हणीचं बंद पडलेलं वॉशिंग मशीन, काहीही घेऊन जा. "बघू या की," म्हणायचा आणि दुपारपर्यंत चालू करून द्यायचा. तेलविहिरींवरचे पंप दुरुस्त करण्यात सव्वीस वर्षं घालवलेला माणूस. पाठ गेली म्हणून कंपनीने घरी बसवलं, पण हात होते तसेच होते. गल्लीतल्या बायका त्याच्या बायकोला, एल्बाला म्हणायच्या, "नशीब काढलंस गं बाई. आमचे मेले आधी नाही म्हणतात, मग कशाला ते विचारतात."

एल्बा हसायची. तेहतीस वर्षं हसत होती बिचारी, दुसरं करणार काय? नावं ठेवायला जागाच नव्हती. दारू नाही, बाई नाही, हात उगारणं नाही. असल्या नवऱ्याबद्दल तक्रार करायची म्हटली तर सुरुवात तरी कुठून करायची?

सप्टेंबरात तिने जेवताना विषय काढला. बेकर्सफील्डच्या एका संस्थेला घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या बायका हव्या होत्या. चर्चच्या हॉलमध्ये सहा आठवड्यांचा वर्ग झाला होता, तो तिने पुरा केला होता. तिथल्या मिसेस हॅस्केल नावाच्या बाईंनी समोर बसवून विचारलं होतं, "तुम्हाला काय काय येतं?" छप्पन्न वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. एल्बाने सासूची अकरा वर्षं सांगितली. अंथरुणातल्या माणसाची चादर त्याला न उठवता कशी बदलायची, न गिळणाऱ्याला औषध कशात घालून द्यायचं, रागावलेल्या म्हातारीला कसं हसवायचं, सगळं सांगितलं. तासभर बोलत होती. उठताना तिचे तिलाच गाल गरम लागले.

"म्हणजे परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालणार तू," रोहेलियो म्हणाला.

"आईंना घालत नव्हते?"

"ती आई होती." त्याने टॉर्टियाचा तुकडा बीन्समध्ये बुडवला, सावकाश चावला, मग गोड हसला. "पण जा की, म्हातारे. मी कधी नाही म्हटलंय? फक्त गाडीचं तेवढं बघायला हवं."

आणि खरंच, अडचण होती ती गाडीचीच. मिसेस हॅस्केलनी बजावलं होतं, स्वतःची गाडी हवी आणि तिच्या नोंदणीचा चालू कागद हवा. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पाचच्या आत कागद आणून द्या, सोमवारपासून कामावर या. नाही आणलात, तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलवावं लागेल.

एल्बाकडे गाडी होती, लाडाचं नाव कबुतर. तिची थोरली बहीण नेना दोन वर्षांपूर्वी कायमची मायदेशी, झाकातेकासला परत गेली, तेव्हा आपली २००१ सालची पांढरी गाडी हिच्या नावावर करून गेली. चव्वेचाळिसाव्या वर्षी एल्बाला चालवायला शिकवलं तेही नेनानेच, याच गाडीवर. जाताना म्हणाली होती, "हिला थांबवू नकोस, आणि तूही थांबू नकोस." रेडिओची चार बटणं अजून नेनाने लावली तशीच होती. दुसरं बटण दाबलं की जुनी गाणी. एल्बा आठवड्यातून दोनदा बाजाराला जायची ती दुसऱ्या बटणाच्या सोबतीने.

तर नोंदणीची मुदत संपत आली होती आणि यंदा धुराची तपासणी लागली होती. तिथे सगळे नुसतं 'स्मॉग' म्हणतात. तुझं स्मॉग झालं का, माझं स्मॉग राहिलंय, जसं काही गोवर-कांजिण्यांबद्दल बोलताहेत. गंमत बघा. त्या खोऱ्यात हवा अशी की ऑक्टोबरात बदामाचा हंगाम उरकला की आठ-आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाही, पोरं शाळेत दप्तरातून दम्याचे पंप नेतात. आजूबाजूला तेलाचे पंप रात्रंदिवस माना हलवताहेत. पण कबुतराचा श्वास मात्र शुद्ध हवा!

लेर्दो रस्त्यावर येसेनियाचं तपासणीचं दुकान होतं. चाळिशीची धिप्पाड बाई, केस गुंडाळून वर बांधलेले, तोंड फाटकं. तिने पहिल्याच खेपेला यंत्र न जोडता निकाल दिला. "सेन्योरा, तुमच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. दिवा लागला की नापास. एक्झॉस्टमधला सेन्सर गेला असणार. बदला आणि या."

"माझा नवरा बदलेल," एल्बा अभिमानाने म्हणाली.

बदलला की. पाठीला पट्टा बांधून, कण्हत-कुथत, गाडीखाली फळी घालून. सेन्सर अस्सल, काम चोख, पिवळा दिवा गेला. एल्बाने त्याच्यासाठी खास हिरव्या चटणीत शिजवलेलं डुकराचं मटण केलं. गाडीत बसली तर घड्याळ बारापासून नव्याने सुरू झालं होतं आणि रेडिओची बटणं कोरी झाली होती.

"बॅटरीची तार काढावी लागते काम करताना," रोहेलियोने समजावलं. तिने नेनाचं स्टेशन शोधून परत दुसऱ्या बटणावर बसवलं.

दुसऱ्या खेपेला येसेनियाने यंत्र जोडलं, पडदा बघितला आणि तोंडाने च्यक् केलं. "तयार नाही."

"आता काय झालं?"

"काही झालं नाही, तेच झालंय. इकडे बघा, सेन्योरा. ही गाडी चालता चालता स्वतःचीच परीक्षा घेते. सेन्सर बरा आहे का, धूर गाळणारा डबा बरा आहे का, एकेक तपासते आणि एकेका रकान्यात 'झालं' म्हणून लिहून ठेवते. मी फक्त तिची वही वाचते. बॅटरीची तार काढली की वही पुसली जाते, पाटी कोरी. नवऱ्याने दुरुस्ती करताना काढली, ते बरोबरच आहे. आता तुम्ही चालवा चार दिवस, म्हणजे वही भरेल. आणि देवाशपथ, बॅटरीला कुणाला हात लावू देऊ नका."

तिने एका कागदावर लिहून दिलं. रात्रभर थंड झालेली गाडी पहाटे सुरू करायची. एसी लावून, मागच्या काचेचं गरम करायचं बटण दाबून अडीच मिनिटं जागच्या जागी उभी ठेवायची. मग पंचावन्नचा वेग, तीन मिनिटं, वेगाचा काटा हलता कामा नये. मग पाय काढायचा, ब्रेकला न शिवता गाडी आपोआप वीसपर्यंत येऊ द्यायची. मग साठ, पाच मिनिटं. परत पाय काढायचा. त्या दुकानातून असले कागद घेऊन अर्धं गाव बाहेर पडत असे. पहाटेच्या रस्त्यावर एखादी जुनी गाडी विनाकारण रखडताना दिसली की जाणकार समजायचे, बिचाऱ्याची वही भरायची चाललीय.

एल्बा शुक्रवार, शनिवार, रविवार तीनही पहाटे गेली. बदामाच्या बागांमधून सरळसोट रस्ता, मागे भाज्यांचे ट्रक. ती पाय काढायची, गाडी पन्नास, चाळीस, तीस अशी मंदावत यायची आणि मागचा ट्रकवाला भोंगा धरून बसायचा. पहिल्या दिवशी ती रडकुंडीला आली. एकाने शेजारून जाताना काच खाली करून ओरडून विचारलं, "आजी, झोप लागली का?" तिसऱ्या दिवशी ती स्वतःच काच खाली करून ओरडली, "परीक्षा आहे माझी!" आणि एकटीच खो-खो हसली. आयुष्यात ती कधी कुणा ट्रकवाल्यावर ओरडली नव्हती.

सोमवारी मोठ्या तोऱ्यात येसेनियाच्या दारात कबुतर उभं केलं. त्या सकाळी परत घड्याळ चुकलं होतं, रेडिओ मुका होता. पण तिचं लक्ष कुठे होतं? तिच्या डोळ्यांसमोर तो कागद नाचत होता.

"कोरी," येसेनिया म्हणाली. "सगळीच्या सगळी कोरी. सेन्योरा, चालवली होती ना खरंच?"

"तीन दिवस! ट्रकवाल्यांना विचार."

"मग बॅटरी कुणी काढली?"

"कुणी नाही. रोहेलियो म्हणतो बॅटरीच म्हातारी झाली असेल."

येसेनियाने झाकण उघडून बॅटरीला मीटर लावला. "ही तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे." तिने झाकण आपटलं आणि एल्बाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "तार आपली आपण निघत नाही. उंदरांनासुद्धा पाना लागतो."

एल्बाला राग आला, खोटं कशाला सांगू. घरी येऊन तिने नवऱ्याला शब्द न् शब्द सांगितलं. रोहेलियो कोचावर पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडला होता. "अगं, गिऱ्हाईक सारखं सारखं आलं की तिचा धंदा. तिला काय कळतंय बॅटरीतलं? मीच बघितली असती, पण माझा दहाचा पाना हरवलाय. आणि वाकणार कोण? साधं कुशीवर वळता येत नाहीये मला." दहा नंबरचा पाना जगातल्या प्रत्येक मेकॅनिकचा हरवतो. एल्बाने पेटी उपसून शोधला, मिळाला नाही. "जाऊ दे," तो म्हणाला. "तू आपली चालवत राहा. मी कधी नाही म्हटलंय?"

ती चालवत राहिली. मंगळवारी पहाटे गेली, दुपारी परत एक फेरी मारली. परत आल्यावर, ते चुकीचं घड्याळ डोळ्यांत खुपत होतं म्हणून चर्चची चारची घंटा झाली तेव्हा त्याबरोबर लावून टाकलं. दुसऱ्या बटणावर नेनाचं स्टेशन बसवलं, पुन्हा एकदा. सहाला चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला चालत गेली, पावणेआठला आली. रोहेलियो जिथे होता तिथेच होता. "जरा उशी सरकव ना, म्हातारे," म्हणाला. "तू गेल्यापासून असाच पडलोय, हललो नाही." तिने उशी सरकवली. पाठीला मलमही चोळलं.

बुधवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी ती गाडीत बसली, किल्ली फिरवली. घड्याळात दहा चाळीस झाले होते.

पहिल्यांदा ती नुसती वैतागली. मग एसी लावून अडीच मिनिटं बसायचंच होतं, म्हणून बसली. आणि बसल्या बसल्या, बाजाराचा हिशेब करावा तशी बोटांवर मोजत गेली. तार जोडली की घड्याळ बारापासून चालायला लागतं, हे आता तिला पाठ झालं होतं. दहा चाळीस म्हणजे तार जोडून दहा तास चाळीस मिनिटं झाली. पाच दहामधून दहा तास मागे गेलं की काल संध्याकाळचे सात दहा. आणखी चाळीस मिनिटं मागे, साडेसहा.

साडेसहाला ती चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत उभी राहून गात होती. आणि घरात एकच माणूस होता, ज्याला कुशीवर वळता येत नव्हतं.

अडीच मिनिटं झाली, पाच झाली. इंजिन घुरघुरत राहिलं. मग तिने ते बंद केलं आणि घरात गेली. रोहेलियो घोरत होता. दाराच्या खुंटीला त्याचा घरात घालायचा झगा लटकत होता, उजवा खिसा खाली ओढल्यासारखा. तिने हात घातला. दहाचा पाना. कुठे तेलाचा एक डाग नव्हता त्याच्यावर, माणूस नीटनेटका, काम झालं की पुसून ठेवायचा.

ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. वाटेल की ती गाडीचा विचार करत होती. तिला गाडी आठवतच नव्हती. तिला घरची जुनी व्हॅन आठवत होती. शहाण्णव साली इंग्रजीचे वर्ग सुरू झाले होते, मंगळवारी आणि गुरुवारी. व्हॅनचा स्टार्टर नेमका मंगळवारी आणि गुरुवारी अडायचा. "मी कधी नाही म्हटलंय? पण ही बया हलेल तर ना." शाळेच्या स्वयंपाकघरात जागा निघाली होती, तेव्हा क्लच. आणि झाकातेकासहून आई गेल्याचा फोन आला तेव्हा गिअरबॉक्स. चार दिवस तो व्हॅनखाली पडून होता, हात सोलवटले होते त्याचे. शेजारणी डोळे पुसत म्हणाल्या होत्या, बघ गं, तुझ्या आईसाठी कसा राबतोय. पाचव्या दिवशी गिअरबॉक्स चालू झाला. आईला पुरून दोन दिवस झाले होते. तिने तेव्हा त्याच्या सोलवटलेल्या हातांना पट्ट्या बांधल्या होत्या, आणि वर "किती त्रास झाला तुला" असं म्हटलं होतं.

सगळं खरंच बिघडलं होतं की बिघडवलं होतं? आता कुणाला विचारणार? एखादी गोष्ट खरीही असेल. तेच तर वाईट. आता तिला एकही धड बिघाड खरा वाटेना. गावातल्या प्रत्येकाची वस्तू त्याच्या हाताला लागली की चालू व्हायची, आणि हिची तेवढी बंद पडायची, हे तेहतीस वर्षांत एकदाही कसं डोक्यात आलं नाही? "मूर्ख," ती मोठ्याने म्हणाली. "गाढव आहेस तू, एल्बा."

पाना एप्रनच्या खिशात टाकून ती गाडी काढून सरळ येसेनियाकडे गेली. दुकान उघडलं नव्हतं. दारात तासभर बसली. येसेनिया आली, तिने चेहरा बघितला आणि किल्ल्या शोधता शोधता म्हणाली, "कळलं वाटतं."

"तुला कसं कळलं होतं?"

"इथे बसून मला दुसरं काय दिसतं? कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. पण बहुतेक नवरेच." तिने कॉफी ओतली. "भांडलात?"

"कशावरून भांडू?" एल्बाचा आवाज चिरकला. "त्याने नाही म्हटलं असतं तर भांडले असते गं! नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं, रुसता येतं, बॅग भरून बहिणीकडे जाता येतं. हा कधी नाही म्हणालाच नाही. मी कुणाशी भांडायचं होतं, क्लचशी?"

येसेनियाने काही उपदेश केला नाही, हे तिचे उपकार. म्हणाली, "गाडी घरी नेऊ नका. इथे माझ्या फाटकासमोर ठेवा. उद्या पहाटे आणि परवा पहाटे इथूनच न्या. शिवाय एक रकाना कोरा असला तरी चालतो. शुक्रवारी दुपारी बघू."

एल्बाने गाडीचं घड्याळ परत बरोबर लावलं आणि चालत निघाली. घरी गेल्यावर तिने शक्य तितक्या साध्या आवाजात सांगितलं, "येसेनिया म्हणते गाडी तिथेच असू दे. पास झाली की आणेन." रोहेलियोने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. काही हरकत नाही." आणि सूप मागितलं. पाना त्याने मागितला नाही, शोधतानाही दिसला नाही. तोही साध्याच आवाजात बोलत होता. त्या घरात इतक्या साध्या आवाजात कधी बोलणं झालं नव्हतं.

गुरुवारी साडेचारला उठून ती दोन मैल चालत गेली. वाटेत कुत्री भुंकली. फाटकासमोर कबुतर उभं होतं आणि घड्याळ बरोबर होतं, पाच पंचवीसला पाच पंचवीस. एवढ्याशा गोष्टीने तिला रडू फुटलं. अडीच मिनिटं, पंचावन्न, पाय काढ, वीस, साठ, पाय काढ. शुक्रवारी पुन्हा. त्या दिवशी मागे ट्रक आला तर तिने हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण केली, एखाद्या पोलिसासारखी.

दुपारी एकला येसेनियाने यंत्र जोडलं. एल्बा दाराबाहेर उभी राहून माळेचे मणी ओढत होती. आतून आरोळी आली, "पास! अहो सेन्योरा, पास झाली तुमची म्हातारी!" एकच रकाना कोरा होता, तो चालत होता. दोघी गळ्यात पडल्या. येसेनियाच्या अंगाला ग्रीसचा वास येत होता. किराणा दुकानातल्या नोंदणीखात्याच्या यंत्रात कार्ड सरकवल्यावर नोंदणीचा कागद आणि नंबरपाटीवर चिकटवायची चिठ्ठी बाहेर आली, अजून गरम. तिने ती तिथेच, गाड्यांच्या रांगेत उकिडवं बसून चिकटवली. मग नेनाचं स्टेशन लावून बेकर्सफील्डला निघाली. साठच्या वेगाने, आणि यावेळी पाय काढायचं काही कारण नव्हतं.

चारला दहा कमी असताना ती मिसेस हॅस्केलच्या टेबलापुढे उभी राहिली, कागद दोन्ही हातांत धरून.

मिसेस हॅस्केलनी चष्मा काढला. "अहो, मिसेस साल्सेदो! तुम्ही? काल तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता ना."

एल्बाला पहिल्यांदा वाटलं, त्याला काही झालं.

"किती सज्जन गृहस्थ! अर्धा तास बोलले. त्यांच्या पाठीचं सांगितलं. तुमचं मन होत नाहीये त्यांना घरी एकटं सोडायचं, हेही सांगितलं. म्हणाले, 'तिला कुणाला नाही म्हणता येत नाही हो, म्हणून तिच्या वतीने मीच म्हणतोय.'" मिसेस हॅस्केलच्या डोळ्यांत खरोखरच कौतुक होतं. "इतकं समजून घेणारा नवरा हल्ली कुणाला मिळतो! आम्ही कालच पुढच्या बाईंना बोलावलं. त्यांनी सह्याही केल्या."

"मी नाही म्हटलं नव्हतं," एल्बा म्हणाली.

"पण त्यांनी..."

"मी नाही म्हटलं नव्हतं!"

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने मान वर केली. मिसेस हॅस्केलचा चेहरा पडला. वाईट बाई नव्हती ती. तिने यादी उलटसुलट चाळली, उन्हाळ्यात परत जागा निघतील, तेव्हा नक्की विचार करू, असं म्हणाली. मग आवाज उतरवून, चाचरत म्हणाली, "फक्त तोपर्यंत घरी एकदा नीट ठरवून घ्या हं. दोघांनी मिळून." एल्बाने कागदाची घडी घातली, थँक्यू म्हटलं. सवय वाईट, जिथे शिवी द्यायची तिथे थँक्यू निघतं.

घरी आली तर रोहेलियो टेबलाशी बसला होता. स्वतः उठून त्याने ताटल्या मांडल्या होत्या, हे विशेष. ती कोंबडीचा रस्सा गरम करायला लागली.

"काय म्हणाल्या?" त्याने विचारलं.

"जागा भरली."

"अरेरे!" आणि बघा, खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं त्याच्या तोंडावर. "जाऊ दे, म्हातारे. मनाला लावून घेऊ नकोस. तू प्रयत्न केलास, मीही केला. आपल्या हातात काय असतं?"

तिने त्याला वाढलं. गाजर, बटाटा, मक्याचं कणीस, त्याला आवडते ती मांडी. स्वतःला वाढलं नाही. समोर उभी राहिली.

दोन-चार घास पोटात गेल्यावर त्याला तरतरी आली. "पण एक बरं झालं. गाडी पास झाली ना! मला व्हॅनचा क्लच दाबवत नाही आता, पाठीतून कळ येते. सोमवारी नऊला बेकर्सफील्डला ती पाठीची थेरपी आहे. चुकली तर ते नावच काढून टाकणार आहेत यादीतून. आता तू कबुतरातून नेशील मला. नेशील ना?"

एल्बाने एप्रनच्या खिशात हात घातला. पाना खिशात राहून अंगासारखा गरम झाला होता.

"नेईन की," ती म्हणाली. अगदी गोड आवाजात, अगदी त्याच्याच. "मी कधी नाही म्हटलंय?"

रोहेलियो हसला. मग हसता हसता त्याचा चमचा ताटलीवर तसाच राहिला. त्याने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या एप्रनकडे, एका बाजूला ओढल्या गेलेल्या खिशाकडे.

"म्हातारे," शेवटी तो हळूच म्हणाला, "तो माझा दहाचा पाना... दिसला का गं तुला कुठे?"

"बघू या की," एल्बा म्हणाली, आणि त्याच्या ताटलीत आणखी एक पळी रस्सा वाढला.